भेगेचं वय

कराड-पाटण भागात ज्यांनी घराचा विमा उतरवला होता, त्यांना दोन गोष्टींची धास्ती असायची. एक भूकंपाची आणि दुसरी वैजयंती धायगुडेंची. भूकंप निदान कुणाचा मुलाहिजा न ठेवता सगळ्यांना सारखा हलवायचा. वैजयंतीबाई बॅटरी घेऊन यायच्या, भेगेत डोकावायच्या, काडीने आतली धूळ उकरायच्या, ती चिमटीत घेऊन चोळायच्या आणि वहीत तीन शब्द लिहायच्या : ‘भेग जुनी आहे.’ त्या तीन शब्दांवर कुणाला अपील नव्हतं.

वैजयंती विमा सर्वेक्षक होती. घराचं नुकसान झालं की मालक कंपनीला कळवतो, कंपनी सर्वेक्षक पाठवते, आणि सर्वेक्षक जे लिहील त्यावर भरपाई मिळायची की नाही ते ठरतं. सत्तावीस वर्षांत तिने कुणाच्या घरचा पेढासुद्धा घेतला नव्हता. कंपनीचंही मिंधेपण तिने मानलं नव्हतं. ती खरं तेच लिहिते, हे तिला माहीत होतं. लोकांनाही माहीत होतं, म्हणून तर धास्ती होती.

कोयनेच्या खोऱ्यात फाल्गुनात पुन्हा जमीन हलली, त्यानंतर नवव्या दिवशी ती तांबेघर गावात आली. या वेळी तिच्या हातात बॅटरी नव्हती. जेवणाच्या डब्याएवढं एक करडं यंत्र खांद्याला लटकवलेलं होतं.

यादीतलं अकरावं घर. ओसरीवर सत्तरी ओलांडलेला एक उंच माणूस उभा होता.

“या बाई,” तो म्हणाला. “वळखलं न्हाई जनू. तुमी शेकड्यानं घरं बघता. आमी मातर सर्वेक्षक बाई एकच बघितली.”

तिने यादीवरचं नाव वाचलं. बाजीराव देसाई, एसटीचे निवृत्त चालक. आणि मग तिला आठवलं. सोळा वर्षांपूर्वीचा पौषातला भूकंप. त्यानंतर एकाच दिवसात तिने या गावात चौदा घरं पाहिली होती.

“काका, तुमचा दावा मीच नाकारला होता.”

“व्हय. आत या, च्या घ्या. आन् भ्यायचं कारन न्हाई, ह्या टायमाला मी मोठ्या भेगंचं मागत न्हाई. ती जुनीच हाय. तुमीच लिवलंय. दाराच्या वरती नवी गेलीय, तेवढीच बघा.”

आतून एक ठसठशीत आवाज आला, “जुनी कशानं? माज्या डोळ्यादेखत फाटली ती!”

“ही आमची मंडळी, शेवंता,” बाजीराव ओशाळून हसले. “सोळा वर्सं हेच सांगती.”

शेवंताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “मी भाकरी थापत हुते. भित्ताड असं दुभंगलं, आन् त्या फटीतनं मला पलीकडचा जांभळाचा बुंधा दिसला. उजेड आला आत. मग हाललं पुन्हा आन् मिटलं. ह्यास्नी सांगितलं, बाईंस्नी सांगितलं. कुनी ऐकलं न्हाई.”

“बाई शिकलेल्या हायत,” बाजीराव म्हणाले. “त्यांनी आत रंग दावला मला. भेगंत चुन्याचा हात उतरला हुता. म्हंजी रंग दिला त्याच्या आदीच भेग हुती, न्हवं? मग मलाच वाटाय लागलं, आपुनच इसरलो असंल. मानसाला वाटतं नव्या घराला काय हुतंय. खरं सांगू बाई? दोन-चार वर्सांनी मी माज्याच डोळ्यांवरचा इस्वास सोडला.”

हे सगळं त्यांनी रागाने सांगितलं असतं तर बरं, असं वैजयंतीला वाटलं. ते माफी मागितल्यासारखं सांगत होते. गावात त्यांना ‘क्लेमवाला बाजीराव’ म्हणत. तीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा पडू न दिलेला माणूस, आणि खोटा दावा केला म्हणून ओळखला जात होता. मोठ्या भेगेला त्यांनी लोखंडी पट्ट्या मारल्या होत्या आणि तिच्यासमोर एक कपाट उभं केलं होतं.

“कपाट सरकवा, काका,” वैजयंती म्हणाली. “आता सगळीच भिंत ऐकायची असते.”

त्या यंत्राचं कागदोपत्री नाव ‘चुनावेध’. पण ते भिंतीला टेकवून बसावं लागतं म्हणून चाचणीच्या पहिल्याच गावात लोकांनी त्याला ‘कान’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झालं.

त्यामागचं शास्त्र तसं शाळेतल्या मुलालाही समजावं असं होतं. सिमेंटच्या पोटात मोकळा चुना असतो. त्याला हवा लागली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा दगड बनू लागतो. भिंत अखंड असते तोवर हे काम फक्त बाहेरच्या अंगाने चालतं. पण भेग पडली की त्याच क्षणी हवा आत शिरते आणि भेगेच्या दोन्ही काठांवर दगडाची एक नवी साय धरू लागते. ती साय ठरावीक चालीने वाढते. एका वर्षात जेवढी धरते त्याच्या दुप्पट व्हायला चार वर्षं लागतात, तिप्पट व्हायला नऊ. घाई नाही आणि विसावाही नाही. जखम किती जुनी ते तिच्यावरच्या खपलीवरून ओळखावं, तसं त्या सायीच्या जाडीवरून भेगेचं वय काढता येतं.

आजवर अडचण एवढीच होती की साय मोजायला भिंत फोडावी लागे. चुनावेध ती न फोडता मोजायचा. माणसाच्या कानाला न ऐकू येणारा बारीक आवाज तो भिंतीत सोडी. सायीतून आवाज भरभर जातो, कोऱ्या चुन्यातून सावकाश. परत आलेल्या लक्षावधी प्रतिध्वनींतून भेगेच्या तोंडापासून तळापर्यंत, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, कुठे किती वय आहे याचा नकाशा पडद्यावर उमटत जाई.

वैजयंतीने भिंत ऐकायला घेतली. नऊ मिनिटं लागली. शेवंताबाई चहा गार होतोय म्हणून सांगून थकल्या.

पडद्यावर भेग उमटली ती नदीच्या चित्रासारखी. दाराच्या वर लाल रेघ होती, नऊ दिवसांची, ती नवी. खाली मोठ्या भेगेच्या तोंडाशी, प्लास्टरच्या जाडीपुरती, केसासारखी पिवळी रेघ होती : वय एकोणीस वर्षं. प्लास्टर वाळताना आटलं तेव्हा पडलेली. रंग उतरला होता तो एवढ्यातच. आणि त्या पिवळ्या रेघेच्या मागे, विटांच्या पोटात, भिंतीच्या थेट दुसऱ्या अंगापर्यंत, वरपासून जोत्यापर्यंत गर्द निळा पट्टा पसरला होता. सगळीकडे एकच वय. सोळा वर्षं आणि दोन महिने, चार-पाच महिने इकडे किंवा तिकडे.

भिंत एका दमात, आरपार फाटली होती. पौषातल्या त्या दिवशी.

 पहिल्यांदा वैजयंतीला स्वतःची चूक दिसलीच नाही. दिसली ती भिंत. विटा आणि सिमेंट, मुकी वस्तू. तिच्यासमोर कपाट लावा, तिला पट्ट्या मारा, तिच्याविरुद्ध अहवाल लिहा, ती आपली सोळा वर्षं श्वासाश्वासाने, कणाकणाने एका दिवसाची नोंद ठेवत बसली होती. कुणी विचारील अशी आशा नसताना.  सत्तावीस वर्षं वैजयंती भिंतींच्या तोंडाकडे बघत आली होती. पोट तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

मग चूक दिसली.

“काय म्हनतोय कान?” बाजीरावांनी विचारलं.

“काका,” ती म्हणाली. “भेगेचं तोंड जुनं होतं. पोट नवं होतं. काकींनी पाहिलं ते खरं आहे. माझं लिहिणं चुकलं होतं.”

 बाजीरावांनी हात पुढे करून भिंतीवर तळवा टेकवला. शेवंताबाईंनी मात्र चहाचा कप वैजयंतीच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, “आता घ्याल का?”

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा दावेदाराच्या घरचा चहा ती प्यायली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कराडला पद्माकर कानविंद्यांकडे गेली. कानविंदे तिचे गुरू. वय एक्याऐंशी. भेग वाचायला त्यांनीच तिला शिकवलं होतं : आधी धूळ बघ, मग कोळिष्टक, मग रंग, आत रंग दिसला की दुसरं काही बघायचं कारण नाही.

त्यांनी नकाशा नीट पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला.

“यंत्र चुकत असेल.”

“सर, मी काल आणखी सहा घरं ऐकली. माझी जुनी. चार ठिकाणी हेच आहे. तोंड जुनं, पोट नवं. दोन ठिकाणी मात्र आपण बरोबर होतो, भेग खरंच जुनी निघाली.”

“आणि तू एकूण किती ठिकाणी लिहिलंस ‘जुनी’ म्हणून?”

“पौषातल्या भूकंपात एकशे अडतीस.”

कानविंद्यांनी नकाशा बाजूला ठेवला. “म्हणजे माझे हजाराच्या वर असतील. वैजू, तू काय सांगायला आली आहेस मला? की पद्माकर कानविंदे चाळीस वर्षं घरोघरी जाऊन खोटं लिहीत होता?”

“खोटं नाही सर. आपल्याला जेवढं दिसत होतं तेवढं.”

“ज्याचं घर गेलं त्याला हा फरक समजावून सांगशील? जा तू. मला बरं वाटत नाही.”

एरवी ते तिला फाटकापर्यंत सोडायला येत. त्या दिवशी खुर्चीतून उठले नाहीत.

*

‘निर्भय गृहविमा’ कंपनीचं दावे खातं पुण्यात होतं. खात्याचे प्रमुख अभिजात रेगे सौम्य, हुशार माणूस. चाचणीचा निकाल बघून ते खूश होते.

“मॅडम, पुढच्या महिन्यापासून कान सगळीकडे. मालकाने स्वतः भिंतीला लावायचा, माप थेट आमच्याकडे, आठवड्यात भरपाई. ना खेपा, ना भांडण. देशात पहिल्यांदा होतंय हे.”

“चांगलंच आहे. पण नव्या यंत्रात एक पडदा घातलाय म्हणे. चालू विम्याच्या आधीचं वय दाखवायचंच नाही, साठवायचंही नाही.”

रेग्यांनी मान हलवली. “हो. पडदा मीच घालायला लावला. लपवत नाही तुमच्यापासून. हे बघा, जुने दावे कायद्याने संपलेत. मुदत गेली. तुम्ही दार उघडलंत तर एकशे अडतीस नाही, दहा हजार घरं आत येतील. त्यात कंपनी बसली, तर उद्या जमीन हलेल तेव्हा द्यायला कोण राहील? तुमच्या त्या देसाईंनाच दाराच्या वरच्या भेगेचे पैसे मिळणार नाहीत.”

हा प्रश्न खोटा नव्हता. वैजयंतीने परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत त्यावर विचार केला. जुन्या विम्याचा हिशेब आजच्या विमेदारांनी का भरावा? पण कंपनीला बुडण्याची भीती होती म्हणून बाजीराव देसायांनी खोटारडा व्हायचं, हेही तिला पटेना. आणि दुसरी एक गोष्ट तिला जास्त टोचत होती. सोळा वर्षं ज्या भिंतीने नोंद ठेवली तिला शेवटी कान मिळाला होता, आणि त्या कानात बोळा घालायची तयारी चालली होती.

चाचणी संपायला अजून तीन आठवडे होते. तोवर तिच्या यंत्राला पडदा नव्हता.

ती रोज सहाला घर सोडायची. आपल्या जुन्या फायली गाडीत घालून गावोगाव फिरायची. पाणेरी, तांबेघर, माळवाडी, घाटाखालच्या वस्त्या. दार उघडणाऱ्याला आधीच सांगायची : “मी धायगुडे. सोळा वर्षांपूर्वी तुमचा दावा मी नाकारला. मी बरोबर होते का ते बघायला आलेय.” एका घरी तिला शिव्या बसल्या. एका घरी दार लावून घेतलं, ते तिसऱ्या खेपेला उघडलं. एका विधवेने विचारलं, “बघून आता काय उपेग?” आणि तरी कपाट सरकवलं. पाणेरीच्या जुन्या देवळात एका पुजाऱ्याने हौसेने कान लावायला सांगितलं. चुन्याच्या त्या जाड भिंतीत सदुसष्टच्या भूकंपाची भेग स्वच्छ दिसली. तिच्या मागे, आणखी खोल, दुसरी होती. यंत्राने वय दाखवलं : दोनशे साठ वर्षांच्या आसपास. कोणत्याच दप्तरात, कोणत्याच बखरीत त्या धक्क्याची नोंद नव्हती. वैजयंतीने तो आकडा वहीत उतरवला. त्या दिवशी कोणकोण घाबरून बाहेर पळालं असेल, कुणाचं छप्पर पडलं असेल. सगळी माणसं गेली, त्यांच्या आठवणी गेल्या, आणि भिंतीने कुणालाही न सांगता ते जपून ठेवलं.

एकशे अडतीसपैकी एकशे सव्वीस घरं अजून उभी होती. त्यांतल्या एक्याण्णव घरांत पोट नवं निघालं. पस्तीस ठिकाणी ती बरोबर होती. त्या पस्तीस जणांनाही तिने तोंडावर सांगितलं.

कंपनीच्या अहवालाच्या छापील नमुन्यात या मापांना रकाना नव्हता. शेवटी ‘इतर शेरा’ म्हणून दोन ओळींची जागा होती. वैजयंतीने तिथे लिहिलं, “सोबत जोडपत्र पाहावे.” जोडपत्र दोनशे पानांचं होतं. त्याच्यावर एक प्रतिज्ञापत्र : ‘खालील एक्याण्णव अहवालांतील माझा निष्कर्ष चुकीचा होता. चूक मालकांची नाही, माझी आहे.’ तिने वकिलाला विचारून घेतलं होतं. दावा मुदतबाह्य असला तरी ज्या अहवालावर तो नाकारला तो अहवालच लिहिणाऱ्याने मागे घेतला, तर विमा लोकपालांना प्रकरण पुन्हा ऐकता येत होतं. वकील म्हणाला, “यात तुमचा परवाना जाईल.” ती म्हणाली, “टपाल कुठून जास्त लवकर जातं, कराडहून की साताऱ्याहून?”

परवाना आठ दिवसांत निलंबित झाला.

*

लोकपालांनी सुनावणी तांबेघरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवली, कारण साक्षीदार म्हणजे भिंती होत्या आणि त्या पुण्याला नेता येत नव्हत्या. लोकपालबाई निवृत्त न्यायाधीश, बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. सकाळी अकरालाच व्हरांडा भरला. बाजीराव आणि शेवंताबाई पहिल्या बाकावर बसले होते, मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून.

कंपनीच्या तज्ज्ञाने मुद्दा मांडला तो बिनतोड होता. साय हवेच्या ओलाव्यावर अवलंबून असते. या खोऱ्यात चार महिने धुकं आणि पाऊस. त्याची नेमकी दुरुस्ती कुणालाच माहीत नाही. मग सोळा वर्षं ही बारा असू शकतात, एकवीसही असू शकतात. “या खोऱ्यातल्या, पडल्याची तारीख निश्चित माहीत असलेल्या भेगा तपासल्याशिवाय यंत्रावर विश्वास ठेवता येणार नाही. आणि अशा भेगांची नोंद जगात कुणाकडे नाही.”

 लोकपालबाईंनी वैजयंतीकडे पाहिलं. ती उभी राहिली आणि खरं तेच बोलली, “ते बरोबर सांगतायत.”

“आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

दारात कानविंदे उभे होते. हातात काठी, आणि रिक्षावाल्याच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत त्रेसष्ट वह्या होत्या. सगळ्यांना वाट द्यायला वेळ लागला.

“मी पद्माकर कानविंदे. चाळीस वर्षं या खोऱ्यात सर्वेक्षक होतो. भेग पाहिली की मी तिचं चित्र काढायचो, गाव, घर, तारीख घालून. लांबी किती, रुंदी किती. पुढच्या वर्षी त्याच घरी गेलो तर पुन्हा काढायचो, किती वाढली ते. कशासाठी ते मला सांगता येणार नाही. आवड होती.” त्यांनी वैजयंतीकडे पाहिलं नाही. “ज्या वर्षी भेग नव्हती आणि ज्या वर्षी होती, अशी दोन्ही चित्रं बऱ्याच घरांची आहेत. त्यांना तुमचं यंत्र लावा. मी लिहिलेला निष्कर्ष वाचू नका. चित्र तेवढं बघा.”

सुनावणी सहा आठवडे थांबली. विद्यापीठाच्या लोकांनी वह्यांतली एकशे चार घरं शोधून ऐकली, आणि पौषातली भेग असलेली आणखी शेकडो घरंही. वैजयंती कानविंद्यांना गाडीत घालून त्यांच्याबरोबर हिंडली. सुरुवातीचे दोन दिवस ते रस्ता सांगण्यापलीकडे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एका घरात यंत्राने सांगितलेलं वय आणि वहीतली तारीख तीन आठवड्यांच्या फरकाने जुळली, तेव्हा ते एकदम म्हणाले, “वैजू, हे फार सुंदर आहे गं,” आणि ओसरीवर बसून त्यांनी डोळे पुसले.

पुन्हा शाळा भरली तेव्हा दुरुस्ती ठरली होती. चूक पाच महिन्यांवरून तीन आठवड्यांवर आली होती. पण त्या दिवसाची गोष्ट गावात आजही सांगतात ती त्या आकड्याची नाही.

विद्यापीठाच्या मुलीने, जी हे काम बघत होती, भिंतीवर मोठा पडदा लावला. ती म्हणाली, “आम्ही खोऱ्यातल्या चारशे बारा घरांतल्या पौषातल्या भेगा एकत्र केल्या. कोणती भिंत कुठल्या बाजूला, किती फाटली, यावरून तिला धक्का कुठून आला ते कळतं. सगळ्या घरांचं मिळून चित्र तयार झालंय. खरा धक्का अकरा सेकंदांचा होता. आम्ही तो चार मिनिटांचा केलाय.”

पडद्यावर खोरं दिसलं. नदी, रस्ता, प्रत्येक घर एक ठिपका. मग वरच्या टोकाला, धरणाच्या बाजूला, एक ठिपका निळा झाला. मग दोन. मग निळी लाट खोऱ्यात उतरू लागली, घराघराला शिवत, पाणेरी, माळवाडी, वळणावर टेकडीला अडून दुभंगली, दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुन्हा एक झाली.  जी गोष्ट सगळ्यांच्या पायाखालून गेली होती आणि कुणीच पाहिली नव्हती, ती आता त्यांच्याच भिंती त्यांना दाखवत होत्या.

“ते आमचं,” कुणी तरी हळूच म्हणालं.

“मी विहिरीवर हुतो.”

“आमची आजी तवा हुती.”

लाट तांबेघरात शिरली. एकेक ठिपका पेटत गेला. गावाच्या कडेला, जांभळाच्या झाडाजवळ एक ठिपका इतरांपेक्षा जास्त उजळला आणि क्षणभर तसाच राहिला.

“हितं ती उघडी ऱ्हायली हुती,” शेवंताबाई उठून उभ्या राहिल्या. “हितंच मला उजेड दिसला.”

मुलीने चित्रामागचा हिशेब पाहिला. “हो आजी. हिशेबानेही तेच येतं. दोन सेकंद, चार बोटांची फट.”

बाजीरावांच्या मागच्या बाकावर गावचा माजी सरपंच बसला होता. ‘क्लेमवाला’ हे नाव त्यानेच पाडलेलं. तो उठला, पुढे आला आणि बाजीरावांच्या पाया पडायला वाकला. बाजीरावांनी त्याला मधेच धरलं. “ऱ्हाऊ दे. मी सवताच मानलं न्हवतं, तू काय मानशील.”

रेगे शेवटच्या रांगेत उभे होते. दिवे लागल्यावर त्यांनी आपल्या वकिलाच्या हातातले कागद घेतले आणि मिटून ठेवले. त्यांना अजूनही वाटत होतं की दहा हजार घरं कंपनीला पेलणार नाहीत. ते त्यांनी लोकपालबाईंना सांगितलंही. पण यंत्रात घालायच्या पडद्याबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत.

निकाल यायला पावसाळा उलटला. एक्याण्णव घरांना भरपाई द्यायची, पण एका कंपनीने एकदम नाही. सगळ्या गृहविमा कंपन्यांनी मिळून एक निधी उभारायचा, त्यातून टप्प्याटप्प्याने. यापुढे कान लावल्याशिवाय ‘भेग जुनी’ म्हणून कुणाचाही दावा नाकारायचा नाही. माप आधी मालकाला दाखवायचं, त्याच्या भिंतीसमोर, पडदा न घालता. सर्वेक्षकाचा मेहनताना कंपनीने नव्हे, त्या निधीने द्यायचा. वैजयंतीचा परवाना वर्षभर निलंबित राहिला. ते तिला योग्य वाटलं.

दिवाळीनंतर बाजीरावांनी भिंत उतरवायला काढली. वैजयंती आणि कानविंदे दोघंही गेले. गवंड्याने भेगेच्या डाव्या अंगाच्या विटा एकेक करून काढल्या आणि भिंतीचा छेद उघडा पडला. राखाडी सिमेंट, लाल विटा. पाहण्यासारखं काहीच नाही.

वैजयंतीने पिशवीतून फवाऱ्याची बाटली काढली. “कोरा चुना असेल तिथे हे औषध गुलाबी होतं. साय धरलेली असेल तिथे नाही,” ती म्हणाली, आणि तिने छेदावर फवारा मारला.

आधी काहीच झालं नाही. मग विटांमधल्या सगळ्या दरजा एकाच वेळी फुलून आल्या. राणी रंगाची जाळी वरपासून खालपर्यंत उमटली, ओली, चमकदार. गवंडी दोन पावलं मागे सरला. आणि त्या गुलाबी जाळीच्या कडेने, जिथे भेग होती तिथे, एक बिनरंगी करडी किनार होती, वरपासून जोत्यापर्यंत, सगळीकडे एकसारखी.

बाजीराव पुढे झाले. करंगळी त्या किनारीला लावून त्यांनी जाडी पाहिली. करंगळीच्या नखाएवढीही भरेना.

“सोळा वर्सं?”

“सोळा वर्षं, काका.”

“एवढीच?”

“एवढीच.”

ते बोट तसंच धरून उभे राहिले. शेवंताबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. कानविंद्यांनी खिशातून पेन्सिल आणि नवी कोरी वही काढली, विटांच्या ढिगावर बसले, आणि वर गाव, घर, तारीख घालून चित्र काढू लागले.